नवीन टाकीतले मासे आठवड्यात का गेले, आणि टाकी ‘सायकल’ करायची म्हणजे नेमकं काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दोन फुटी टाकी आणली, पाणी भरलं, दुकानदाराच्या सांगण्यावरून दोन दिवस फिल्टर चालवला आणि चार छोटे गोल्डफिश व दोन मॉली सोडल्या. चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं, मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले. तुम्ही निळं औषध टाकलं, सगळं पाणी बदललं, फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून धुतला. आठवडा संपेपर्यंत चारही गोल्डफिश आणि एक मॉली गेली, एक मॉली अजून तग धरून आहे. आता कोणी म्हणतं दीड महिना टाकी सायकल करा, कोणी म्हणतं जिवाणूंची बाटली ओता आणि उद्या मासे सोडा. सोसायटीत पाणी महापालिकेचं, उन्हाळ्यात टँकरचं.

मी पुण्यात घरं, दवाखाने आणि ऑफिसांतल्या टाक्या बसवायचं आणि सांभाळायचं काम करतो. नवीन टाकीची जी तक्रार माझ्याकडे येते ती बहुतेक वेळा हीच असते, आणि माणसं बहुतेक वेळा औषध शोधत असतात. तुमच्या टाकीत रोग होता असं मला वाटत नाही. पाण्याची चाचणी झालेली नाही, त्यामुळे छातीठोकपणे कोणीच सांगू शकणार नाही. पण लक्षणं अमोनियाच्या विषबाधेशी जुळतात आणि हिशेबही जुळतो.

हिशेब करून बघा. टाकीचं माप २४ × १२ × १२ इंच असेल तर काठोकाठ ५६ लिटर पाणी मावतं. खडी आणि वरची मोकळी जागा सोडली की हातात ५० लिटरच्या आसपास राहतं. मत्स्यशेतीत ढोबळ नियम आहे की माशांनी खाल्लेल्या १ किलो खाद्यामागे साधारण ३० ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येतो. सहा माशांना दिवसातून दोनदा चिमूटभर म्हणत तुम्ही १ ग्रॅम खाद्य घातलं असेल, तर रोज ३० मिलिग्रॅम, म्हणजे ५० लिटरमध्ये लिटरमागे ०.६ मिलिग्रॅमची भर. चार दिवसांत २.४. आणि हे खाल्लेल्या खाद्याचं. न खाल्लेलं खडीत जाऊन कुजलं तर तेवढ्याच खाद्यातून दुपटीच्या आसपास नायट्रोजन सुटतो.

अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक माशांना फारसा बाधत नाही, दुसरा कल्ले जाळतो. कुठलं किती हे पीएच (पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) आणि तापमानावर ठरतं. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तोच भाग ५ टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे पाणी तपासायच्या किटवर सारखाच आकडा दिसणाऱ्या दोन टाक्यांपैकी एकीतले मासे मजेत फिरतात आणि दुसरीतले तळाशी पंख मिटून बसतात. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याचा पीएच ८ च्या आसपास असणं आपल्याकडे नवलाचं नाही.

दोन दिवस फिल्टर चालवल्याने काय झालं? पाण्यातला क्लोरीन उडाला, तेवढंच. क्लोरीन जायलाच हवा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नळाच्या टोकाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावा असं आहे, आणि माशांना इजा करायला तेवढाही पुरतो. पण क्लोरीन गेलेलं पाणी म्हणजे तयार टाकी नव्हे. त्या फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारं काहीच राहत नव्हतं.

जे राहायला हवं ते म्हणजे जिवाणूंचे दोन गट. मासे सोडण्याआधी त्यांची वस्ती फिल्टरमध्ये वसवणं म्हणजेच टाकी ‘सायकल’ करणं. पहिला अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारी असतं. ते रक्तात शिरून प्राणवायू वाहून नेण्याची ताकद काढून घेतं, कल्ले तपकिरी दिसायला लागतात. नायट्रेट त्यामानाने बरंच निरुपद्रवी, ते पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात म्हटलं तरी चालेल. ते स्पंजवर, सिरॅमिक रिंगांवर, खडीवर चिकटून पातळ थर करून राहतात. म्हणून पाणी सगळं बदललं तर त्यांचं फार बिघडत नाही, पण स्पंज क्लोरीनच्या पाण्याखाली धुतला तर बिघडतं. तुम्ही दोन्ही केलंत. शिवाय निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्ल्यू, या जिवाणूंनाही मारतं. त्या आठवड्यात जी काही थोडी वस्ती धरली असेल ती गेली असं समजा. आता सुरुवात शून्यापासून आहे, आणि खडी-काचेवर निळा रंग अजून दिसत असेल तर आधी फिल्टरमध्ये कार्बनची पिशवी घालून तो पूर्ण काढा.

पाणी दुधाळ झालं त्याला घाबरायचं कारण नव्हतं. तो वेगळ्या जिवाणूंचा उठाव असतो, उरलेल्या खाद्यावर भराभर वाढणाऱ्यांचा. नवीन टाकीत तो येतो आणि खाद्य कमी केलं की आपोआप निवळतो. आपल्याला हवे असलेले जिवाणू मात्र अतिशय सावकाश वाढतात, इतर जिवाणू अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होतात तिथे यांना अनुकूल परिस्थितीतही बरेच तास, कधी दिवसभर लागतो. दीड महिन्याचा आकडा तिथून येतो.

म्हणून ‘किती दिवस थांबू’ या प्रश्नाला मी दिवसांत उत्तर देत नाही. विचारायचं ते असं: माझा फिल्टर आज चोवीस तासांत किती अमोनिया पचवतो? हे किटने मोजता येतं. कॅलेंडरवरून ते कळत नाही. एका घरी तीन आठवड्यांत टाकी तयार होते, त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन महिने रेंगाळते, आणि दोघांनी एकाच दुकानातून सामान घेतलेलं असतं.

आधी मॉलीचं ठरवा

पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. मासा टाकीत असेल तर बाहेरून अमोनिया घालून सायकल करता येत नाही. ओळखीत कोणाकडे चालू टाकी असेल तर मॉली तिकडे पाठवा आणि परत मागू नका. हाच सगळ्यांत चांगला मार्ग.

तसं कोणी नसेल तर ती टाकीतच राहील आणि तिच्याच मलमूत्रावर फिल्टर तयार होईल. एका मॉलीवर हे जमतं, सहा माशांवर जमत नाही. खाद्य एक दिवसाआड, दोन मिनिटांत संपेल इतकंच. रोज अमोनिया आणि नायट्राइट तपासा. दोन्हींपैकी काहीही लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमच्या वर गेलं की ३० ते ५० टक्के पाणी बदला, क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं. नायट्राइट दिसायला लागलं की लिटरमागे १ ग्रॅम मीठ घाला, ५० लिटरला ५० ग्रॅम, विरघळवून, दोन-तीन हप्त्यांत. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. मॉलीला मीठ मानवतं, म्हणून हे तिच्या बाबतीत बिनधास्त सांगतो. पाणी बदललंत की बदललेल्या पाण्यापुरतंच मीठ पुन्हा घालायचं, पूर्ण नाही.

‘काटक’ मासे सायकलसाठी आधी सोडा हा सल्ला मी देत नाही. काटक मासा म्हणजे कल्ले जळत असताना जास्त दिवस जगणारा मासा. त्याची गरज नसताना त्याला त्यातून न्यायचं कशाला?

यापुढे मी मॉली दुसरीकडे गेली असं धरून लिहितो.

पाणी

सायकल कुठे अडते हे मला विचाराल तर दहापैकी सहा-सात वेळा पाण्यात. आणि याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं, म्हणून जरा तपशिलात जातो.

हे जिवाणू अमोनिया पचवताना पाण्यातली अल्कलिनिटी, म्हणजे बायकार्बोनेट, खातात. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे ७ मिलिग्रॅमच्या थोडी वर. बाहेरून घातलेला अमोनियाचा एक २ पीपीएमचा डोस (१ पीपीएम म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम) पूर्ण पचला की अल्कलिनिटी साधारण १२ पीपीएमने उतरते. तुमच्या नळाला ती ५० असेल तर चौथ्या डोसपर्यंत ती जवळपास संपते. मग पीएच धाडकन खाली येतो. ६.५ च्या खाली जिवाणू मंदावतात, ६ च्या खाली जवळजवळ थांबतात. माणूस रोज चाचणी करतो, अमोनिया तिथल्या तिथे, आणि त्याला वाटतं जिवाणू मेले. ते मेलेले नसतात, पण त्यांचं काम बंद पडलेलं असतं.

मुंबईचं तलावांतून येणारं पाणी मऊ असतं, तिथे हे बऱ्याचदा होतं. दख्खनच्या बेसाल्टातल्या बोअरचं पाणी जड असतं, तिथे सहसा होत नाही. सगळ्यांत जास्त होतं ते घरच्या आरओचं पाणी भरणाऱ्यांकडे. ‘माशांना शुद्ध पाणी’ म्हणून लोक प्रेमाने पन्नास लिटर आरओ भरतात आणि त्यात बायकार्बोनेट जवळजवळ नसतंच. सायकलसाठी आरओ वापरू नका. पाणी फारच मऊ असेल तर खायचा सोडा घाला: ५० लिटरला ३ ग्रॅम घातला की अल्कलिनिटी साधारण ३५ पीपीएमने वाढते. मासे नसताना पीएच ७.५ ते ८ राहिला तर उत्तमच, जिवाणूंना तेच आवडतं.

टँकरची गोष्ट वेगळी. टँकर आज या विहिरीचा, उद्या त्या बोअरचा. कधी क्लोरीन अजिबात नाही, कधी वास येईल इतका, कारण भरताना ब्लीचिंग पावडर अंदाजाने टाकलेली असते. टाकी बसवतो त्या प्रत्येक सोसायटीत मी आधी नळाचं पाणी तपासतो: पीएच, अमोनिया, नायट्रेट. नायट्रेट मुद्दाम. उसाच्या किंवा भाजीच्या पट्ट्यातल्या बोअरला खतांचं नायट्रेट उतरलेलं असतं. पिण्याच्या पाण्याला ४५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे, त्यामुळे तुमचं पाणी नियमात बसूनही टाकी पहिल्याच दिवशी ४० दाखवू शकते आणि तुम्हाला वाटेल सायकल झाली. नळाचा आकडा वहीत लिहून ठेवा, नंतरचे सगळे आकडे त्याच्याशी ताडा.

अँटी-क्लोरीन प्रत्येक वेळी टाका. एक दिवस बादलीत एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवलं तरी क्लोरीन उडतो, पण टँकरच्या पाण्याचा भरवसा धरू नका.

अमोनिया कुठून आणायचा

जिवाणूंना खायला द्यायला अमोनिया हवा. लोक रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकतात, किंवा एक सोललेली कोळंबी जाळीच्या पिशवीत बांधून सोडतात. दोन्हींनी काम होतं. पण किती अमोनिया सुटतोय हे कळत नाही, घरात वास येतो आणि पाणी पुन्हा दुधाळ होतं. मी अमोनियम क्लोराइड वापरतो, म्हणजे आपला नवसागर. कल्हईवाल्याकडचे खडे घेऊ नका, त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही. केमिकलच्या दुकानात प्रयोगशाळेच्या दर्जाची पावडर मिळते, एलआर ग्रेड चालते, आणि छोटी बाटली कित्येक टाक्यांना पुरते.

१० ग्रॅम पावडर पाण्यात विरघळवून एकूण ५०० मिली करा. या द्रावणाचे १६ मिली तुमच्या ५० लिटरमध्ये टाकले की अमोनिया साधारण २ पीपीएम होतो. इंजेक्शनच्या सुईशिवायच्या सिरिंजने मोजा. बाटलीवर ठळक नाव लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. ५ पीपीएमच्या वर जाऊ नका. जास्त खायला घातलं म्हणून हे जिवाणू जास्त वेगाने वाढत नाहीत, उलट दबतात. सोबत आठवड्यातून एकदा दोन-चार दाणे माशांचं खाद्य टाका; निव्वळ नवसागरात फॉस्फेट नसतं आणि त्यावाचूनही वाढ खुंटते.

हीटर २८ अंशांना लावा, एअर स्टोन चालू, फिल्टर चोवीस तास. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्रीचा पारा १० पर्यंत उतरतो. बिनहीटरची टाकी तेव्हा फार हळू सरकते. दिवा लावायची गरज नाही, शेवाळच वाढेल.

किट

अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच, थेंबांचा किट घ्या. कागदी पट्ट्यांवर बहुतेक वेळा अमोनिया नसतोच, आणि आपल्याला तोच हवाय. किट महाग वाटतो, पण मेलेल्या माशांच्या आणि औषधांच्या खर्चाच्या मानाने स्वस्त पडतो.

चाचणी करताना एक-दोन गोष्टी पाळा. नळी टाकीच्याच पाण्याने दोनदा विसळा. थेंब टाकताना बाटली सरळ उभी उलटी धरा, तिरपी धरली की थेंब लहान-मोठे पडतात. नायट्रेटच्या दुसऱ्या बाटलीच्या तळाशी पदार्थ बसलेला असतो. अर्धा मिनिट चांगली आपटून हलवली नाही तर रंग पिवळाच राहतो आणि माणूस ‘नायट्रेट शून्य’ लिहून मोकळा होतो. मग नळी मिनिटभर हलवायची आणि पाच मिनिटं थांबायचं. रंग दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, पांढऱ्या कागदावर नळी टेकवून बघा. पिवळ्या बल्बखाली अमोनियाचा ०.२५ आणि शून्य यांतला फरक कळत नाही, आणि शेवटी शेवटी नेमका तोच फरक महत्त्वाचा असतो.

काय होत जाईल

पहिले काही दिवस काहीच होत नाही. अमोनिया २ वर बसून राहतो. तो बसू द्या, रोज नवीन डोस घालू नका. एक-दोन आठवड्यांत तो उतरायला लागतो आणि नायट्राइट दिसतं. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा डोस.

मग येतो नायट्राइटचा टप्पा, आणि इथे माणसं हात टेकतात. अमोनिया रोज संपतोय, नायट्राइटची नळी मात्र दोन-तीन आठवडे गडद जांभळीच. याचं साधं कारण असं की १ पीपीएम अमोनियापासून २.७ पीपीएम नायट्राइट बनतं. तुम्ही उत्साहाने रोज २ पीपीएम घातलात तर रोज सव्वापाचच्या पुढे नायट्राइट साठतं, आणि बहुतेक किटांचा रंग ५ ला संपतो. ते २० असो की ६०, नळी सारखीच जांभळी. म्हणून या टप्प्यात डोस निम्मा करा, आणि तोही दोन-तीन दिवसांतून एकदा. खरा आकडा बघायचा असेल तर एक भाग टाकीचं पाणी आणि चार भाग आरओ पाणी मिसळून चाचणी करा, येईल त्याला पाचाने गुणा. २० च्या पुढे गेलं असेल तर सरळ अर्धं पाणी बदला. जिवाणू फिल्टरमध्ये आहेत, पाणी बदलल्याने ते जात नाहीत, उलट नवीन बायकार्बोनेट मिळतं. ‘सायकल चालू असताना पाणी बदलायचं नाही’ हे इतक्यांदा ऐकवलं जातं की लोक पीएच साडेपाचवर गेलेली टाकी हात न लावता महिनाभर बघत बसतात.

या टप्प्यात नायट्रेटच्या आकड्यावर विसंबू नका, तिथली चाचणी नायट्राइटलाही रंग देते.

पुढे एक दिवस असा येतो की काल जांभळी असलेली नळी आज निळी असते. ही घसरण बहुतेकदा हळूहळू होत नाही, एक-दोन दिवसांत होते.

दुसऱ्या गटाबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण बाटल्या विकत घेताना ती उपयोगी पडते. जुन्या पुस्तकांत नायट्राइट खाणारा जिवाणू म्हणून नायट्रोबॅक्टरचं नाव असतं. गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतात असं १९९८ मध्ये दाखवलं गेलं, आणि २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकट्याने करणारे नायट्रोस्पायराही सापडले. बाटलीवर फक्त नायट्रोबॅक्टर लिहिलेलं असेल तर मी ती घेत नाही.

लवकर करायचं असेल तर

विरजण मिळालं तर दही लवकर लागतं, इथेही तेच. कोणाची सहा महिने-वर्ष चालू असलेली, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा किंवा मूठभर रिंगा मागून आणा. टाकीच्याच पाण्यात बुडवून, डब्यात, उन्हात न ठेवता, तासा-दोन तासांत तुमच्या फिल्टरमध्ये बसवा. आठवडे वाचतात, कधी कधी आठ-दहा दिवसांत टाकी उभी राहते. माझ्याकडच्या ग्राहकांसाठी मी चालू टाक्यांच्या फिल्टरमध्ये जादा स्पंज यासाठीच ठेवतो. अट एकच, त्या टाकीत अलीकडे पांढरे ठिपके किंवा दुसरा रोग झालेला नसावा. स्पंजासोबत रोगही येतो, गोगलगायीही येतात. जुन्या टाकीचं नुसतं पाणी आणून काही फायदा नाही.

बाटलीतल्या जिवाणूंबद्दल माझा अनुभव संमिश्र आहे. चांगल्या, ताज्या, थंड जागी ठेवलेल्या बाटलीने फरक पडतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुकानाच्या काचेच्या शोकेसमध्ये महिनोन् महिने तापलेल्या बाटलीत काय जिवंत उरलं असेल ते बाहेरून कळत नाही. घ्यायची तर घ्या, पण ‘उद्या मासे सोडा’ या छापील वाक्यावर मासे सोडू नका. किटने तपासा. बाटलीने काम केलं असेल तर किट ते सांगेल.

झाडांचा उपयोग मात्र हमखास होतो. हॉर्नवर्ट, वॉटर स्प्राइट अशी भराभर वाढणारी झाडं अमोनिया थेट शोषतात, आणि मनीप्लांटची मुळं पाण्यात सोडली तर ती नायट्रेटवर चांगली पोसतात. भरपूर झाडं लावली असतील तर अमोनियाचा डोस १ पीपीएमच्या वर नेऊ नका.

टाकी तयार झाली हे कसं कळेल

२ पीपीएम अमोनिया घाला. चोवीस तासांनी अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य आलं, आणि हे सलग तीन दिवस झालं, तर फिल्टर तयार आहे. आता वरच्या खाद्याच्या हिशेबाशी ताडून बघा. ५० लिटरमध्ये २ पीपीएम म्हणजे रोज १०० मिलिग्रॅम अमोनिया, म्हणजे अडीच ग्रॅमहून थोडं जास्त खाद्य. दोन फुटी टाकीत रोज एवढं खाद्य घालायची कधीच वेळ येऊ नये. म्हणजे तुमच्या हाताशी भरपूर शिलकी क्षमता आहे, म्हणूनच मी १ वर न थांबता २ पर्यंत नेतो.

नायट्रेट तोवर खूप चढलेलं असेल. ८० टक्के पाणी बदला, गरज पडली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, ते २०-३० वर येईपर्यंत. मग त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मासे. उशीर होणार असेल तर मासे येईपर्यंत एक दिवसाआड १ पीपीएम अमोनिया चालू ठेवा.

गोल्डफिश या टाकीत पुन्हा आणू नका. ते खूप खातात, खूप घाण करतात आणि हाताएवढे होतात. ५० लिटर त्यांना सायकल केलेल्या फिल्टरसहसुद्धा अपुरे आहेत. गप्पी किंवा झेब्रा डॅनिओ, सहा-आठ, ही टाकी छान सांभाळेल. पहिल्या आठवड्यात खाद्य कमी, चाचणी एक दिवसाआड.

स्पंज महिन्यातून एकदा, टाकीतूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत, दोन-तीनदा दाबून. पाणी चहासारखं झालं तरी चालेल, स्पंज नवा दिसेपर्यंत पिळायचा नाही. रिंगा आणि स्पंज एकाच दिवशी कधीच धुवायचे नाहीत. फिल्टरमधला सगळा मीडिया, म्हणजे स्पंज आणि रिंगा, ‘जुना झाला’ म्हणून एकदम बदलणं म्हणजे परत पहिल्या दिवसावर येणं.

आणि वीज. फिल्टर बंद पडला की त्यातल्या जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही. तास-दीड तास चालून जातं. तुमच्याकडे वीज वारंवार आणि लांब जात असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि एक साधा स्पंज फिल्टर कायम टाकीत ठेवा. चार-पाच तासांहून जास्त वीज गेली तर ती आल्यावर फिल्टर तसाच चालू करू नका. आत कोंडलेलं सडकं पाणी टाकीत येतं. आधी फिल्टर उघडा, ते पाणी ओतून द्या, स्पंज टाकीच्या पाण्यात एकदा बुचकळा आणि मग सुरू करा. त्या दिवशी माशांना खायला घालू नका आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अमोनिया तपासा.